जुनी पेन्शन परवडते का? कर्मचारी आणि करदाते दोघेही विचारतात ते प्रश्न

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत नोकरी केली. शेवटची अकरा वर्षं माझ्या टेबलावर फक्त पेन्शनच्या केसेस असायच्या. निवृत्त झाल्यावरही ओळखीचे लोक सेवापुस्तक घेऊन घरी येतात आणि बोलता बोलता तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: मला स्वतःला जुनी पेन्शन मिळते. माझी मतं वाचताना हे लक्षात असू द्या.

जुनी पेन्शन, एनपीएस आणि यूपीएस यांत नेमका फरक काय?

जुन्या योजनेत निवृत्तीच्या वेळच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा मिळते, वर महागाई भत्ता मिळतो आणि तो वाढत जातो. पेन्शनसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापलं जात नाही. भविष्य निर्वाह निधीची कपात असते, पण तो पैसा त्याचा स्वतःचा, पेन्शनशी त्याचा संबंध नाही. पेन्शनर गेला की पती किंवा पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं.

केंद्र सरकारने सैन्यदलं वगळून १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी ही योजना बंद केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ही तारीख धरली. त्या दिवशी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना आधी 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' लागू झाली. तीच लोकांच्या तोंडी डीसीपीएस. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. यात कर्मचारी पगाराच्या १० टक्के भरतो आणि सरकारही भर घालतं. सरकारचा वाटा आधी १० टक्के होता, २०१९ पासून १४ टक्के झाला. जमलेला पैसा रोख्यांत आणि थोडा शेअर बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते आणि उरलेल्या किमान ४० टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे एकदा पैसे भरून दरमहा ठरावीक रक्कम मिळवण्याची योजना, घ्यावी लागते. वार्षिकी किती बसेल याची हमी कोणीच देत नाही.

यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, ही या दोहोंच्या मधली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती २४ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केली आणि केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून ती सुरू झाली. कर्मचारी १० टक्के भरतो, सरकार १८.५ टक्के. २५ वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाईची भर. किमान १० वर्षं सेवा असेल तर महिना १० हजारांपेक्षा कमी मिळणार नाही. केंद्राच्या निर्णयानंतर दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारल्याचं जाहीर केलं.

शब्दांनी कळत नाही. आकड्यांत सांगाल का?

हा हिशोब मी कितीतरी जणांना वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला आहे. समजा, एका शिक्षिकेचं निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन ६०,००० रुपये आहे आणि महागाई भत्ता ५० टक्के आहे.

जुन्या योजनेत तिची मूळ पेन्शन ३०,००० आणि त्यावर भत्ता १५,०००. म्हणजे पहिल्याच महिन्यात ४५,००० आणि पुढे भत्ता वाढेल तशी वाढ.

आता तीच शिक्षिका एनपीएसमध्ये आहे आणि खात्यात ५० लाख जमले आहेत असं धरू. त्यातल्या २० लाखांची वार्षिकी घेतली आणि दर साडेसहा टक्के मिळाला, तर वर्षाला १ लाख ३० हजार, म्हणजे महिन्याला साधारण १०,८०० रुपये. हातात ३० लाख येतात. पण तेही तिने घर, लग्न, आजारपण यांत न घालता याच दराने गुंतवले, तरी महिन्याला आणखी १६,२५० रुपयेच मिळतील. दोन्ही मिळून २७,००० आणि यात महागाईची वाढ नाही. महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर १२ वर्षांनी या २७,००० मध्ये आजच्या साडेतेरा हजारांचंच सामान येईल. तेव्हा ती बाई सत्तरीत असेल आणि औषधांचा खर्च त्याच वयात वाढतो.

मूळ रक्कम तिच्या नावावर राहते आणि मुलांना मिळू शकते, हा एनपीएसचा फायदा आहे. तो मी नाकारत नाही. पण म्हातारपणी दर महिन्याच्या एक तारखेला काय जमा होणार, हे ज्याला नीट माहीत असतं त्याची झोप वेगळी असते.

मग जुनी पेन्शन सरकारला खरंच परवडत नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात घाईने उत्तर दिला जाणारा प्रश्न हाच. दोन्ही बाजूंनी घाई होते.

माझं मत असं की पेन्शन परवडते की नाही हे माणूस निवृत्त होतो तेव्हा ठरत नाही. तो कामावर असतो त्या प्रत्येक महिन्यात ते ठरत असतं. शिक्षिकेने आज वर्गात शिकवलं, आजचा पगार तिला मिळाला. तिच्या आजच्या कामापोटी तीस वर्षांनी जे द्यायचं, ते आज कुठे बाजूला ठेवलं का? जुन्या योजनेत उत्तर 'नाही' असं आहे. कर्मचाऱ्याने ठेवलं नाही, सरकारनेही ठेवलं नाही. आज निवृत्त असलेल्यांची पेन्शन आजच्या करांतून जाते आणि आज कामावर असलेल्यांची तेव्हाच्या करदात्यांनी द्यायची, असं गृहीत धरलं जातं. गावच्या दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं हे आहे. वहीत नाव लिहिलं जातं, पण आकडा कोणी लिहीत नाही.

मग आकडा किती? यूपीएस आखताना केंद्र सरकारने त्याचं उत्तर जवळपास दिलं आहे. पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी द्यायची तर कर्मचाऱ्याचे १० आणि सरकारचे १८.५, असे एकूण २८.५ टक्के दरमहा बाजूला पडले पाहिजेत, असा तो अंदाज. वरच्या शिक्षिकेचा पगार भत्त्यासह ९०,००० रुपये. त्याचे २८.५ टक्के म्हणजे दर महिन्याला २५,६५० रुपये. जुन्या पेन्शनची किंमत साधारण एवढी किंवा थोडी अधिकच आहे. पगारपत्रकात ती दिसत नाही, म्हणून ती नाही असं होत नाही.

हे पैसे द्यायची राज्याची ऐपत आहे का? महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी आणि महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी धरला होता. म्हणजे रोजचा खर्च भागवतानाच जवळपास ४६ हजार कोटींची तूट. पगार, पेन्शन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग जातो आणि या तिन्हींत काटछाट करता येत नाही. दुसरीकडे, त्या वर्षी राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात धरलं असलं तरी राज्याच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या (सकल राज्य उत्पन्नाच्या) तुलनेत ते १९ टक्क्यांच्या आसपास होतं आणि अनेक राज्यांपेक्षा ही स्थिती बरी होती. तेव्हा 'राज्य भिकेला लागेल' हेही खरं नाही आणि 'पैसा भरपूर आहे, फक्त इच्छा नाही' हेही खरं नाही. हमी देता येते. पण ती दिली त्या दिवसापासून दर महिन्याला तिचा पैसा वेगळा काढला तरच. पैसा न काढता दिलेली हमी मला कर्मचाऱ्याच्या दृष्टीनेही धोक्याची वाटते.

१ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असं सांगितलं होतं. तो आकडा खरा का?

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आकडा सांगितला होता. त्यानंतर तो सगळीकडे फिरला.

मोठा आकडा ऐकला की एकच विचारायचं: कोणत्या वर्षी? नोव्हेंबर २००५ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला माणूस ५८ व्या वर्षी निवृत्त होईल तो २०३८ मध्ये. म्हणजे नव्या योजनेतल्या लोकांची मोठी लाट अजून दहा-बारा वर्षं दूर आहे. उद्या जुनी पेन्शन जाहीर केली तर लगेच खर्च वाढणार नाही. उलट सरकारचे १४ टक्के वाचतील आणि पहिली काही वर्षं तिजोरी सुटसुटीत दिसेल. या निर्णयाची खरी गोम इथेच आहे. घोषणा करणाऱ्याच्या वाट्याला फक्त बचत येते आणि बिल येतं ते दोन-तीन सरकारांनंतर.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ च्या राज्यांच्या अर्थस्थितीवरील अहवालात नेमकं हेच म्हटलं होतं, की ही बचत अल्पकाळाची आहे आणि आजचा खर्च पुढे ढकलून राज्यं न भरलेल्या देण्यांचा ढीग उभा करत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये बँकेच्या मासिक पत्रिकेतल्या एका लेखात सर्व राज्यं जुन्या योजनेकडे गेली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाईल असा अंदाज मांडला होता. २०६० पर्यंत वर्षाला देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्के एवढा जादा भार येईल, असंही त्यात होतं. आजच्या पंचवीस वर्षांच्या मुलामुलींनी त्यांच्या साठीत भरायचं बिल ते.

राजस्थान, हिमाचल, पंजाबने दिली. त्यांना जमतं ते आपल्याला का नाही?

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी २०२२-२३ च्या दरम्यान जुनी योजना परत आणली. पश्चिम बंगाल एनपीएसमध्ये गेलाच नव्हता. पण 'जमलं' असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही, कारण वर सांगितलं तसं बिल अजून यायचं आहे.

हिमाचलमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला देण्याची पाळी आली. ते जुन्या पेन्शनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याला कर्ज आणि केंद्राचं घटलेलं अनुदान अशी इतर कारणं होती. पण त्यातून एक दिसलं: कायद्याने कितीही पक्की पेन्शन असली तरी तिजोरीत पैसा नसेल तर तारीख हलते. मी पेन्शनर आहे. दहा तारखेचं महत्त्व मला कोणी सांगायला नको.

या राज्यांनी कर्मचाऱ्यांचा एनपीएसमधला जमा पैसाही परत मागितला होता. तशी तरतूद नाही म्हणून केंद्राने आणि निवृत्तिवेतन नियामकाने नकार दिला.

पेन्शन म्हणजे करदात्यांच्या पैशातून फुकटचं देणं नाही का?

नाही. या बाबतीत मी जराही मागे हटणार नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, ती केलेल्या सेवेपोटी मिळवलेला हक्क आहे. म्हणूनच आपण १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतो. पेन्शन हा मागाहून मिळणारा पगार आहे. ज्याने कमी पगारात दुर्गम तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून तीस वर्षं काढली, त्याने त्या पगाराचा एक भाग म्हातारपणासाठी सोडला होता.

मात्र याच मुद्द्याची दुसरी बाजूही मानली पाहिजे. पेन्शन हा पगारच असेल तर पगाराचा हिशोब जसा दर महिन्याला होतो तसा पेन्शनचाही व्हायला हवा. 'आमचा हक्क आहे' म्हणायचं आणि 'त्याचे पैसे कुठून येणार ते आम्हाला विचारू नका' असंही म्हणायचं, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. संघटनांच्या सभांत हे बोलले की लोक नाराज होतात. तरी मी बोलते.

माझे वडील शेतकरी, मी खासगी नोकरीत. आम्हाला काहीच नाही, मग आमच्या करातून यांना का?

हा राग खरा आहे. एसटीच्या चालक-वाहकांचं उदाहरण घ्या. लाल गाडी चालवणारा माणूस लोकांच्या लेखी सरकारीच. पण तो महामंडळाचा कर्मचारी, त्यामुळे त्याला भविष्य निर्वाह निधी संघटनेची ईपीएस-९५ पेन्शन. तिचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० धरली तर ३५ वर्षं गाडी चालवून महिन्याला साधारण ७,५०० रुपये. महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये झाली. २०२१-२२ चा एसटीचा लांबलेला संप राज्य सरकारात विलीनीकरणासाठी होता आणि त्या मागणीत पेन्शनचा वाटा किती मोठा होता हे माझ्या शेजारच्या वाहकभाऊंकडून मी रोज ऐकलं आहे. त्यांची आणि माझी निवृत्ती एकाच वर्षातली. त्यांच्या पासबुकातली रक्कम आणि माझ्या पासबुकातली रक्कम यांत जे अंतर आहे, त्याचं समर्थन मला करता येत नाही.

पण यावर उपाय म्हणून माझी पेन्शन तोडली तर त्यांची वाढत नाही. अंगणवाडी सेविका, आशा ताई, कंत्राटी परिचारिका, एसटीचे कामगार, शेतमजूर या सगळ्यांना म्हातारपणी जगण्यापुरतं मिळायला हवं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना ही मागणी जेवढ्या जोरात करतील, तेवढी त्यांची स्वतःची मागणी लोकांना पटेल. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गाजली. त्या आठवड्यात दवाखान्यातून परत गेलेल्या रुग्णांना त्या घोषणेत स्वतःसाठी काहीच ऐकू आलं नाही.

आमदारांना पाच वर्षांत पेन्शन, आम्हाला तीस वर्षांनी नाही. हा न्याय आहे का?

नाही. महाराष्ट्रात एक मुदत पूर्ण केलेल्या माजी आमदाराला महिना ५०,००० रुपये मिळतात, त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी २,००० वाढतात, आणि त्यासाठी त्याला काही भरावं लागत नाही. नैतिकदृष्ट्या हे चुकीचं आहे.

पण हिशोब म्हणून पाहिलं तर समजा हजार माजी आमदार आहेत. ५०,००० प्रमाणे वर्षाला ६० कोटी होतात. राज्याच्या पेन्शन खर्चाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे. ती बंद केली तर लोकांचा विश्वास वाढेल, पण जुनी पेन्शन परवडू लागणार नाही.

लाडक्या बहिणींना द्यायला पैसे आहेत, मग आम्हाला का नाहीत?

त्या योजनेला २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद केली होती, म्हणून हा प्रश्न येणारच. फरक असा की महिना १,५०० रुपयांची योजना पुढच्या अर्थसंकल्पात आवळता येते, तिचे निकष बदलता येतात. पेन्शनचं वचन एकदा दिलं की पन्नास-साठ वर्षं ते मागे घेता येत नाही: तीस वर्षं सेवेची, वीस-पंचवीस पेन्शनची आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाची. आणि मला वैयक्तिक विचाराल तर गरीब बाईच्या पंधराशेकडे बोट दाखवून स्वतःचा हक्क मागणं मला आवडत नाही.

एनपीएसमध्ये सगळ्यात मोठी चूक कुठे झाली?

लोक बाजाराला दोष देतात. माझ्या अनुभवात पहिली चूक हिशोबाची होती.

२००५ नंतर कपात सुरू झाली, पण कित्येक वर्षं अनेकांना खात्याची चिठ्ठीच मिळाली नाही. कपात झाली किती, सरकारचा वाटा जमा झाला का, व्याज लागलं का, काही कळायचं नाही. राज्य राष्ट्रीय व्यवस्थेत गेलं तेच २०१४-१५ च्या सुमारास. तोपर्यंतचा पैसा गुंतवणुकीत गेलाच नव्हता.

माझ्या टेबलासमोर एकदा एक बाई येऊन बसल्या. नवरा शिक्षक, २००७ मध्ये रुजू झालेला, सहा वर्षांनी अपघातात गेला. बाईंच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात प्रत्येक महिन्याची पगाराची पावती, तारखेप्रमाणे लावलेली. कपात पावतीवर दिसत होती, ७१ महिन्यांची. आमच्या कार्यालयाच्या नोंदीत मात्र ४० महिन्यांचीच जमा सापडत होती, कारण मध्ये त्यांची बदली झाली होती आणि आधीच्या ठिकाणाहून तक्ते आलेच नव्हते. तो माणूस दोन वर्षं आधी लागला असता तर पत्नीला जन्मभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं असतं. आता तिला मिळणार होती फक्त खात्यातली रक्कम, आणि तीही आम्ही जुळवू शकलो तर. ती जुळवायला दोन वर्षं लागली. त्या दर वेळी पिशवी घेऊन यायच्या आणि दर वेळी पावत्या पुन्हा त्याच क्रमाने लावून परत न्यायच्या. माझ्याच कार्यालयाने त्यांना दोन वर्षं थांबवलं, ही गोष्ट मला अजून टोचते.

सेवेत असताना मृत्यू झाल्यास एनपीएसधारकांच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचा शासन निर्णय ३१ मार्च २०२३ ला निघाला. संपानंतर दहा-अकरा दिवसांत. त्याला एवढी वर्षं लागायला नको होती. यासाठी लागणारा पैसा फार मोठा नव्हता. परवडण्याच्या नावाखाली आपण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेचं संरक्षणही नाकारत राहिलो.

यूपीएस हा मग योग्य तोडगा आहे का?

दिशा योग्य आहे. हमी आहे, महागाईची भर आहे, कर्मचाऱ्याचा वाटा आहे आणि सरकारचा पैसा दरमहा बाजूला पडतो आहे. मी वर जे मागितलं ते यात बरंचसं आहे.

तरी केंद्रात निवड करण्याची मुदत दोनदा वाढवूनही प्रतिसाद अगदी थोडा आला. कारणं समजण्यासारखी आहेत. पूर्ण पेन्शनला २५ वर्षं लागतात, त्यामुळे वयाच्या पस्तिशीनंतर लागलेल्यांचं नुकसान. एनपीएससारखी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम इथे हातात घेतली तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. पेन्शन कमी न होता एकरकमी मिळतं ते पूर्ण केलेल्या प्रत्येक सहा महिन्यांमागे पगार आणि भत्त्याचा दहावा हिस्सा. वरच्या शिक्षिकेला ३० वर्षांच्या सेवेनंतर ते ५ लाख ४० हजार होतील. ३० लाख दिसत असताना ५ लाख निवडणं माणसाला अवघड जातं. आणि बऱ्याच जणांना वाटतं, थांबलो तर जुनीच मिळेल. तसा अनुभवही आहे: ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली पण नेमणूक नंतर झाली, अशा सुमारे २६ हजार जणांना महाराष्ट्राने २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा एकवेळचा पर्याय दिला. त्यांच्या बाबतीत तो न्यायच होता. सगळ्यांना तसं मिळेल असं त्यावरून समजू नका.

परदेशात काय करतात?

एकच उदाहरण देते, कारण आपल्याला उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये २०११ च्या हटन आयोगानंतर एप्रिल २०१५ पासून बहुतेक सार्वजनिक नोकऱ्यांत शेवटच्या पगारावरची पेन्शन थांबवून पूर्ण नोकरीतल्या सरासरी पगारावरची पेन्शन आली. हमी राहिली. पण निवृत्तीच्या तोंडावर मोठी बढती मिळालेल्या वरिष्ठाला होणारा जादा फायदा गेला. आपल्याकडे शिपाई आणि सचिव दोघांनाही 'निम्मं' हेच सूत्र लावतात. त्यावर कोणी चर्चा करत नाही, ती व्हायला हवी.

आठव्या वेतन आयोगाने काय होईल?

पेन्शनचा खर्च मोठी उडी घेतो तो वेतन आयोगाने. सातव्या आयोगात जुनी मूळ पेन्शन २.५७ ने गुणली गेली. महाराष्ट्राने तो आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला आणि प्रत्यक्ष दिला जानेवारी २०१९ पासून, म्हणजे तीन वर्षांची थकबाकी अंगावर आली. केंद्राने आठवा आयोग नेमला आहे. राज्य त्याच्या मागोमाग जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, तर त्यासाठी आतापासून तरतूद का करू नये?

निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं तर पेन्शन परवडेल का?

पेन्शन दोन वर्षं पुढे जाते, म्हणून थोडी मदत होते. केंद्रात आणि बऱ्याच राज्यांत ६० आहेच. पण बेरोजगार मुलांसमोर हे बोलताना जपून बोलावं लागतं. राज्यात दोन लाखांहून अधिक मंजूर पदं रिकामी असताना तरुणांना 'अजून दोन वर्षं थांबा' कोणत्या तोंडाने सांगायचं? आधी ती पदं भरा. ती कायमस्वरूपी भरली आणि त्यांच्या पेन्शनचा पैसा पहिल्या महिन्यापासून बाजूला ठेवला तर कामही होईल आणि देणंही साचणार नाही. कंत्राटी भरतीने पेन्शन वाचते असं दिसतं, पण त्या माणसाचं म्हातारपण शेवटी कोणाच्या तरी दारात येतंच.

मी २०१० मध्ये लागलो. आज मी काय करावं?

घोषणांची वाट पाहत बसू नका. आधी आपला प्रान क्रमांक (एनपीएस खात्याचा कायम क्रमांक) घालून खात्याचा उतारा काढा आणि पगाराच्या पावत्यांशी महिना न् महिना ताडून पाहा. २०१५ च्या आधीच्या डीसीपीएसच्या रकमा त्यात आल्या आहेत का, हे खास बघा. बदली झाली असेल तर त्या वर्षाची नोंद दोनदा तपासा. कमी दिसलं तर तोंडी सांगू नका. आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे तुमची पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेऊन या.

पर्याय निवडायचा असेल तर स्वतःची सेवा किती वर्षं होणार ते आधी मोजा. २५ पूर्ण होत असतील तर एक उत्तर, १८ होत असतील तर दुसरं. सहकाऱ्याने काय भरलं ते पाहून अर्ज भरू नका आणि त्या वेळचा शासन निर्णय स्वतः वाचा.

आणि नामनिर्देशन बघा. लग्नाआधी आईचं नाव दिलेलं असतं आणि पुढे कोणी बदलत नाही. सेवापुस्तकातही बदला आणि खात्यातही बदला, दोन्ही वेगवेगळ्या नोंदी आहेत. घरात एक फाइल करा, पावत्या तारखेप्रमाणे लावा आणि ती फाइल कुठे ठेवली आहे ते बायकोला किंवा नवऱ्याला दाखवून ठेवा.